मखर पडले म्हणून विसर्जन नको!
(घरच्या लिनक्स संगणकाचा डेस्कटॉप बदलताना आणि सुधारताना)



मागच्या कोजागरीला मसाला दुधाच्या रांगेत उभे असताना निदान चौघांनी आम्हाला एकच प्रश्न विचारला. "विंडोज १० चा पाठिंबा बंद झाला, घरचा जुना संगणक टाकून द्यायचा का?" आमचे उत्तर होते, "मुळीच नको, लिनक्स टाका." आम्ही दोघेही आयटीत, त्यामुळे फुकटचे सल्ले देण्यात आमचा हात कोणी धरू शकत नाही. पण पुढे आमच्याच घरी जे रामायण घडले, त्यानंतर हा सल्ला अर्धा होता असे आम्हाला प्रामाणिकपणे वाटते. उरलेला अर्धा सल्ला म्हणजे हा लेख.

मंगळवारचा फोन

आमच्या बैठकीच्या खोलीतला संगणक २०१३ सालचा आहे. विंडोज ११ साठी लागणारी सुरक्षा चिप आणि नवा प्रोसेसर त्यात नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा थांबवला, तेव्हा आम्ही त्यावर लिनक्स मिंट बसवले. घरचे एकच खाते, नाव 'घर'. भारतातून आलेले बाबा त्यावर सकाळी मराठी वर्तमानपत्रे वाचत आणि दुपारी नाट्यसंगीत ऐकत. बाहेर न्यू जर्सीची थंडी, दारात बर्फ. त्यांची दुपार त्या संगणकावरच जायची.

एका मंगळवारी अकराच्या सुमारास ऑफिसात फोन आला.

"अरे, तुमचा संगणक बिघडला. पासवर्ड घालतो, पडदा काळा होतो आणि परत पासवर्ड विचारतो. देवळाला प्रदक्षिणा घातल्यासारखं चाललंय."

आम्ही मनात कपाळावर हात मारला. आदल्याच शनिवार-रविवारी आम्ही हौसेने त्यावर आणखी दोन डेस्कटॉप बसवले होते. नक्कीच त्यातल्या एकाने घोळ घातला! मंडळातल्या एका मित्राला विचारले तर तो म्हणाला, "शोधत काय बसतोस? सगळं पुसून नव्याने टाक, वीस मिनिटांचं काम." मिंटचा पेनड्राइव्ह खणात होताच. बाबांना फोनवर एकेक पायरी सांगितली. त्यांनी पेनड्राइव्ह लावला, संगणक चालू केला आणि पडद्यावर आलेले वाचून दाखवायला लागले. डिस्क पुसा आणि लिनक्स मिंट बसवा, या ओळीपाशी ते थांबले.

"पुसा म्हणजे काय काय पुसायचं? आईच्या ओव्या यातच आहेत ना?"

आमच्या पोटात गोळा आला. दोन वर्षांपूर्वी गावी गेलो होतो तेव्हा आजीच्या आवाजात जात्यावरच्या ओव्या आणि तिच्या पुरणपोळीची कृती फोनवर मुद्रित केली होती. आजी आता नाही. तो फोनही बदलला. ती मुद्रणे फक्त या संगणकात होती, आणि आम्ही ती आमच्याच तोंडाने पुसायला सांगत होतो.

"बाबा, कशाला हात लावू नका. संगणक बंद करा आणि पेनड्राइव्ह काढून ठेवा."

डेस्कटॉप म्हणजे मखर

आपल्या मंडळाच्या गणपतीचे मखर दरवर्षी नवे असते. एका वर्षी राजवाडा, पुढच्या वर्षी कैलास. पण मागचा चौरंग तोच असतो. आता समजा ऐन आरतीत मखराची एक बाजू कलली, तर आपण काय करतो? मूर्ती सांभाळतो, मखर सावरतो किंवा बदलतो. मखर पडले म्हणून कोणी विसर्जन करत नाही!

लिनक्समध्ये नेमके हेच आहे. तुमची छायाचित्रे, कागदपत्रे, मुद्रणे ही मूर्ती. ती 'होम' नावाच्या भागात असते. डिस्क, नेटवर्क, छपाईयंत्र सांभाळणारी मूळ प्रणाली म्हणजे चौरंग. आणि पडद्यावर दिसणारी पट्टी, मेनू, खिडक्या, चित्रे हे मखर, म्हणजे डेस्कटॉप. विंडोजमध्ये हे सगळे एकत्र चिकटून येते, म्हणून आपल्याला पडदा बिघडला की संगणकच गेला असे वाटते. लिनक्समध्ये मखर वेगळे काढता येते, एकाच संगणकावर दोन-तीन ठेवता येतात, आणि ते कोसळले तरी मूर्ती सहसा जागच्या जागी असते.

मखर आणि चौरंगाच्या मध्ये आणखी दोन कारागीर असतात. एक म्हणजे पासवर्ड विचारणारा दारावरचा माणूस, याला डिस्प्ले मॅनेजर म्हणतात. मिंटमध्ये त्याचे नाव लाइटडीएम, ग्नोमबरोबर जीडीएम आणि केडीईबरोबर बहुधा एसडीडीएम. दुसरा म्हणजे खिडक्या प्रत्यक्ष पडद्यावर रेखाटणारी यंत्रणा. जुनी एक्स११, नवी वेलँड. ही पाच नावे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडतील.

इतकी मखरे आली कुठून?

१९९६ मध्ये मॅथियास एट्रिख या जर्मन विद्यार्थ्याने केडीई सुरू केले. त्याचा पाया असलेल्या क्यूटी या साधनसंचाचा परवाना तेव्हा पूर्णपणे मुक्त नव्हता. त्यावरून वाद झाला आणि १९९७ मध्ये मेक्सिकोच्या मिगेल दे इकाझा आणि फेदेरिको मेना यांनी ग्नोम काढले. एक्सएफसीई हेही १९९६ चेच. म्हणजे तिघेही तिशीच्या आसपासचे, आमच्याच वयाचे!

एप्रिल २०११ मध्ये ग्नोम ३ आले. त्यांनी खालची पट्टी आणि जुना मेनू काढून टाकला आणि लोक भडकले. कोणी जुन्या ग्नोम २ लाच जिवंत ठेवले, त्याचे नाव माटे. आडनाव वाटते ना? पण ते पुण्याचे माटे नव्हेत, दक्षिण अमेरिकेत पितात त्या चहासारख्या पेयाचे नाव आहे. लिनक्स मिंटवाल्यांनी ग्नोम ३ च्या पायावर जुन्या वळणाचे सिनॅमन बांधले. उबुंटूने २०११ पासून आपले युनिटी वापरले आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये ते पुन्हा ग्नोमकडे आले. थोडक्यात, दोन मराठी माणसे आणि तीन मंडळे, हा प्रकार फक्त आपल्यातच नाही!

कोणते घ्यावे?

ज्यांचा हात विंडोजवर बसला आहे अशा आईबाबांसाठी सिनॅमन. मेनू खाली डाव्या कोपऱ्यात, घड्याळ उजव्या कोपऱ्यात, नवे शिकायला फार काही नाही.

संगणक जुना आणि स्मरणशक्ती ४ जीबी असेल तर एक्सएफसीई किंवा माटे. दिसायला साधे, चालायला हलके. एक्सएफसीई वापरल्यावर आमचा २०१३ चा संगणक पुन्हा चालता झाला. मात्र एक लक्षात ठेवा, डेस्कटॉप हलका झाला तरी ब्राउझर हलका होत नाही. वीस टॅब उघडे ठेवले तर कोणतेही मखर दमणारच.

सगळे आपल्या मनासारखे लावायची हौस असेल तर केडीई प्लाझ्मा. ८ जीबी किंवा जास्त स्मरणशक्ती असलेला बरा. आमच्या चिरंजीवांना हे आवडले, कारण त्यात दर पाच मिनिटांनी रंग बदलता येतात.

नवी पद्धत शिकायची तयारी असेल, लॅपटॉप असेल तर ग्नोम. नीटनेटके आहे, पण पहिल्या दिवशी 'माझ्या खिडक्या लहान करायचे बटण कुठे गेले?' असे विचारावे लागते.

बदलायचा कसा?

पुढच्या आज्ञा आम्ही फोनवर सांगतो तशाच, उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टंकताना त्या इंग्रजी लिपीत, लहान अक्षरांत टंकायच्या. 'सुडो' म्हणजे एस-यू-डी-ओ, याचा अर्थ 'मालकाच्या अधिकाराने कर'. त्यानंतर पासवर्ड विचारला जातो आणि तो टंकताना कधी कधी पडद्यावर काहीच उमटत नाही, ठिपकेसुद्धा नाहीत. घाबरू नका, टंकत राहा आणि एंटर दाबा.

पहिली पायरी, आपल्या फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या. ही पायरी सगळे वाचतात आणि कोणीच करत नाही. आम्हीही केली नव्हती.

दुसरी पायरी, नवा डेस्कटॉप बसवा. मिंटवर एक्सएफसीईसाठी आज्ञा अशी: सुडो, एपीटी, इन्स्टॉल, आणि मग मिंट-मेटा-एक्सएफसीई (मधली दोन्ही वजा चिन्हे धरून एकच शब्द, शेवटचा शब्द एक्स-एफ-सी-ई). टंकायचे नसेल तर मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमधूनही बसवता येते.

तिसरी पायरी, बसवताना कधी कधी मध्येच निळी-करडी चौकट येते आणि डिस्प्ले मॅनेजर कोणता हवा असे विचारते. केडीई बसवताना हे बहुधा होते. आधीचा जो आहे तोच ठेवा. चौकटीत माउस चालत नाही, टॅब आणि एंटर वापरा. चुकून दुसरा निवडला गेला तर नंतर सुडो, डीपीकेजी-रीकॉन्फिगर, लाइटडीएम ही आज्ञा तीच चौकट परत दाखवते.

चौथी पायरी, लॉग आउट व्हा. पासवर्डच्या पडद्यावर डेस्कटॉप निवडायचे एक छोटे चिन्ह असते. मिंटमध्ये ते नावाशेजारी दिसते, जीडीएममध्ये नाव निवडल्यावर कोपऱ्यात दातेरी चाक येते. त्यावर टिचकी मारून हवा तो डेस्कटॉप निवडा. पुढच्या वेळी तोच आपोआप येतो. पाहुण्यांच्या लहान मुलांनी चुकून तिथे टिचकी मारली तरी 'संगणक बदलला' असे वाटू शकते, तेव्हा हे चिन्ह आईबाबांनाही दाखवून ठेवा.

पाचवी पायरी, नको असलेला डेस्कटॉप काढायची घाई करू नका. आठवडाभर दोन्ही राहू द्या. काढताना काय काय काढले जाणार याची यादी पडद्यावर येते, ती 'होय' म्हणण्यापूर्वी नीट वाचा. त्यात तुम्ही वापरत असलेल्या डेस्कटॉपचे नाव दिसले तर तिथेच थांबा.

मराठी टंकलेखन गायब झाले तर

ही अडचण आपल्यालाच येते. डेस्कटॉप बदलला की मराठी कळफलक हरवल्यासारखा वाटतो. तो पुसला गेलेला नसतो, नव्या डेस्कटॉपला त्याची ओळख करून द्यायची राहिलेली असते. इन्स्क्रिप्ट वापरणाऱ्यांनी नव्या डेस्कटॉपच्या कळफलकाच्या सेटिंगमध्ये जाऊन मराठी पुन्हा जोडावे. रोमनमध्ये टंकून देवनागरी मिळवणाऱ्यांना आयबस आणि त्याचा एम१७एन हा जोड लागतो. केडीई वेलँडवर चालत असेल तर सेटिंगमधल्या 'व्हर्च्युअल कीबोर्ड' या पानावर जाऊन आयबस वेलँड निवडावे लागते. हे पान तिथे असेल असे कोणाच्या स्वप्नातही येणार नाही, आमची एक संध्याकाळ त्यात गेली.

अक्षरांच्या जागी चौकोन दिसत असतील तर देवनागरी फॉन्ट नाही असे समजा. लोहित देवनागरी किंवा नोटो सान्स देवनागरी बसवा.

आणि एक गंमत. पासवर्ड बरोबर असूनही 'चुकीचा' म्हणत असेल, तर पासवर्डच्या पडद्यावर कळफलक मराठी राहिलेला नाही ना, ते आधी पाहा!

बिघडले तर: क्रम सोडू नका

आता परत मंगळवारकडे. आम्ही सभागृहासारख्या त्या ऑफिसातून एक रिकामी खोली गाठली आणि बाबांना म्हणालो, "आता एकेक करून बघू."

प्रश्न पहिला: 'पासवर्ड चुकीचा' असा संदेश येतो का? बाबा म्हणाले, "नाही, काही न बोलता परत येतो." म्हणजे दारावरच्या माणसाने आत सोडले, पण आत मखर उभे राहिले नाही. संदेश येत असेल तर अडचण पासवर्डची किंवा कळफलकाची.

प्रश्न दुसरा: दुसरा डेस्कटॉप चालतो का? त्या छोट्या चिन्हावरून सिनॅमन, एक्सएफसीई, केडीई सगळे करून पाहिले. सगळीकडे तीच प्रदक्षिणा. हे महत्त्वाचे होते. एकच डेस्कटॉप बिघडला असता तर दुसऱ्याने काम भागले असते. मिंटच्या यादीत सिनॅमनचा वेलँडवरचा प्रायोगिक प्रकारही दिसतो, चुकून तो निवडला गेल्यानेही विचित्र अडचणी येतात. पण तिन्ही अडतात म्हणजे दोष मखराच्या खाली आहे.

प्रश्न तिसरा: काळा पडदा उघडतो का? कंट्रोल, आल्ट आणि एफ३ एकदम दाबले की चित्रांशिवायचा, फक्त अक्षरांचा पडदा येतो. तिथे खात्याचे नाव आणि पासवर्ड टाकला की आत जाता येते. बाबा आत गेले! म्हणजे चौरंग शाबूत. परत चित्रांच्या पडद्याकडे यायला मिंटमध्ये कंट्रोल, आल्ट, एफ७.

तिथे आम्ही पहिली आज्ञा सांगितली: एल-एस. फोल्डरांची यादी आली. संगीत असलेल्या फोल्डरचे नाव सांगून तीच आज्ञा पुन्हा. बाबा थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आहेत. ओव्या एक ते अकरा, सगळ्या आहेत."

खरे सांगतो मंडळी, त्यानंतर संगणक चालू झाला नसता तरी चालले असते.

प्रश्न चौथा: डिस्कवर जागा आहे का? आज्ञा: डी-एफ, मोकळी जागा, वजा चिन्ह, एच. बाबांनी वाचले, "तिरकी रेघ आहे तिच्या ओळीत शंभर टक्के." सापडला चोर! डिस्क काठोकाठ भरली की डेस्कटॉपला सुरू होताना लागणाऱ्या छोट्या फाइलीसुद्धा लिहिता येत नाहीत आणि तो परत दारात आणून सोडतो.

डिस्क भरली कशाने? आमच्याच शहाणपणाने. मिंटमध्ये टाइमशिफ्ट नावाची सोय आहे, ती मूळ प्रणालीच्या प्रती ठेवते. आम्ही रोज प्रत घ्यायला सांगितले होते, तेही त्याच छोट्या डिस्कवर. त्यात आठवड्याच्या शेवटी दोन डेस्कटॉपची भर. बिचाऱ्या केडीईला आम्ही उगाच शिव्या घातल्या.

उपाय दोन आज्ञांचा. सुडो, एपीटी, क्लीन यामुळे उतरवून ठेवलेली जुनी पॅकेजे गेली. मग सुडो, टाइमशिफ्ट, दोन वजा चिन्हे आणि त्यांना जोडून डिलीट. त्याने प्रतींची यादी दाखवली, बाबांनी जुन्या प्रतींचे क्रमांक देऊन त्या एकेक करून काढल्या. शेवटी सुडो, रीबूट. दहा मिनिटांत नाट्यसंगीत सुरू!

जागा असूनही प्रदक्षिणा थांबली नाही तर पुढचे उपाय:

घरच्या फोल्डरात 'टिंब एक्स-ऑथॉरिटी' नावाची लपलेली फाइल असते. चित्रांचा एखादा प्रोग्राम सुडो लावून चालवला की कधी तिची मालकी बदलते आणि तुम्हालाच आत येता येत नाही. एल-एस, वजा एल-ए या आज्ञेने मालक दिसतो. तिथे 'रूट' दिसले तर एम-व्ही आज्ञेने त्या फाइलीचे नाव बदला, नवी आपोआप तयार होते.

सुडो, अ‍ॅडयूजर आणि एखादे नाव, या आज्ञेने नवे खाते उघडून पाहा. नव्या खात्यात सगळे चालले तर बिघाड फक्त तुमच्या सेटिंगमध्ये आहे. 'टिंब कॉन्फिग' या फोल्डरचे नाव बदलून पाहा. पुसू नका, नाव बदला, कारण त्यात काही ब्राउझरच्या खुणाही असतात.

पासवर्डचा पडदाच येत नसेल, नुसता काळोख असेल, तर संशय ग्राफिक्स ड्रायव्हरवर घ्या. संगणक सुरू होतानाच्या यादीतून रिकव्हरी प्रकार निवडा, आत शिरा आणि मिंटच्या ड्रायव्हर मॅनेजरमधून दुसरा ड्रायव्हर निवडा.

आणि काहीच जमले नाही तर तोच मिंटचा पेनड्राइव्ह लावा, पण बसवण्यासाठी नव्हे. पेनड्राइव्हवरून संगणक तात्पुरता चालू होतो, आतली डिस्क उघडता येते आणि फाइली बाहेरच्या डिस्कवर काढता येतात. मूर्ती बाहेर सुरक्षित ठेवली की मग खुशाल सगळे पुसा.

शेवटचे

टाइमशिफ्टबद्दल एक गैरसमज आमचाही होता, तो दूर करतो. ते प्रणालीच्या प्रती ठेवते. तुमच्या छायाचित्रांच्या आणि मुद्रणांच्या प्रती नेहमीच्या मांडणीत ते ठेवत नाही. म्हणजे आम्ही मखराच्या रोज प्रती काढत होतो आणि मूर्तीची एकही नव्हती!

आता आजीच्या ओव्या तीन ठिकाणी आहेत. घरच्या संगणकात, खणातल्या बाहेरच्या डिस्कवर, आणि एका पेनड्राइव्हवर, जो परत जाताना बाबा बरोबर घेऊन गेले. टाइमशिफ्ट आठवड्यातून एकदा प्रत घेते आणि फक्त दोन ठेवते. डेस्कटॉप एक्सएफसीई आहे. चिरंजीवांचा केडीईचा हट्ट चालू आहे.

तेव्हा मंडळी, हौसेने डेस्कटॉप बदला, मुलांनाही बदलू द्या. पण तुमच्या घरात फक्त एकाच संगणकात असलेली एखादी गोष्ट असेल, तर हा लेख मिटून आधी तिची प्रत काढा. डेस्कटॉप काय, उद्याही बदलता येईल.